गुंडाला कोणता सिनेमा झोंबतो?

साठच्या दशकातल्या जपानी याकुझापटांत गुंड म्हणजे शब्दाला जागणारा, तलवार घेऊन एकटाच शत्रूवर चालून जाणारा मर्द. १९७३ मध्ये किंजी फुकासाकूने हे सोंग उतरवलं. युद्धानंतरच्या हिरोशिमातला काळाबाजार, टोळ्यांची मारामारी, पावलोपावली दगाबाजी. तरी पडद्यावरचा गुंड भीतीदायकच राहिला.

१९९२ मध्ये जुझो इतामीने 'मिन्बो' काढला. त्यात एक वकीलबाई हॉटेलच्या भेदरलेल्या कर्मचाऱ्यांना शिकवते : घाबरू नका, कायदा वापरा. गुंडांची चक्क फजिती! काही दिवसांतच पाच जणांनी इतामीच्या चेहऱ्यावर वार केले.

मला तरी वाटतं, बदनामी गुंडाला पचते. लोक हसू लागले की धंदाच बसतो. टाळ्या वाजवताना एवढं लक्षात ठेवू या.