थव्याने राहणारे शोभिवंत मासे : टाकीतील संख्या

झेब्रा डॅनिओ, टायगर बार्ब, निऑन टेट्रा यांसारख्या थव्याने राहणाऱ्या माशांच्या प्रत्येक जातीचे किमान 6 मासे घरगुती मत्स्यालयात एकत्र ठेवावे लागतात. 8 ते 10 अधिक चांगले. मोजणी जातीनिहाय असते : 3 डॅनिओ आणि 3 टेट्रा मिळून थवा होत नाही. थव्यातले एकच भक्ष्य हेरणे शिकारी माशाला अवघड जाते, म्हणून एकटा पडलेला मासा कोपऱ्यात दडतो, फिका पडतो, खाणे सोडतो. टायगर बार्ब थोडेच असले तर इतरांचे पर कुरतडतात. संख्या वाढली की ही खोडी बरीचशी आपापसातल्या पाठलागात जिरते.

तापी खोऱ्यातील ओढ्यांत रास्बोरा आणि मोठा डॅनिओ निसर्गतः थव्याने आढळतात. मोठा डॅनिओ सुमारे 10 सेंमी. वाढतो व सतत पोहतो. त्याच्या थव्याला 120 सेंमी. लांबीची टाकी हवी. जेमतेम 3 सेंमी.च्या निऑन टेट्रांच्या थव्याला 60 सेंमी.ची, सुमारे 50 लिटरची टाकी पुरते. लहान टाकीत अनेक जातींचे दोन-दोन मासे कोंबण्यापेक्षा एकाच जातीचा पूर्ण थवा केव्हाही बरा. नव्या टाकीत मात्र सगळे एकदम सोडू नयेत. माशांनी टाकलेला अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला काही आठवडे लागतात.