निवेदन पंचनामा

निवेदन पंचनाम्यामागचे ‘कलम २७’ हे मूळ १८७२च्या पुरावा कायद्यातले. १ जुलै २०२४पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३च्या परंतुकात गेले, आशय तोच. पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध चालत नाही. मात्र कोठडीतल्या आरोपीच्या माहितीवरून काही उघड झाले, तर त्याच्याशी थेट संबंधित तेवढाच भाग ग्राह्य. ‘कोयता विहिरीजवळ पुरलाय, दाखवतो’ हे टिकते. ‘त्याच कोयत्याने मी मारले’ हे गळते. ही रेघ प्रिव्ही कौन्सिलने पुलुकुरी कोट्टया खटल्यात आखली. म्हणून निवेदन आरोपीच्याच शब्दांत, पंचांसमक्ष आणि जागेकडे निघण्यापूर्वीच लिहावे. कोयता आधी सापडला आणि निवेदन मागाहून जुळवले, तर उलटतपासात सारी जप्तीच संशयात येते, आणि यायलाच हवी.