फुकटचं तिकीट आणि इंग्लंडची सहल : विनोदी मालिकांमधली कुटुंबं परदेशात जाऊन गोंधळ का घालतात?

विनोदी मालिका चार-पाच वर्षं चालली, की तिच्यातलं कुटुंब एक दिवस बॅगा भरतं आणि विमानात बसतं. पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. कुणीतरी रस्ता चुकतं, कुणीतरी भलत्याच माणसाशी भांडण काढतं, नवरा-बायकोचं बिनसतं आणि शेवटी सगळे एकमेकांच्या गळ्यात पडून घरी परततात. फेसबुक-इन्स्टाग्रामवर अशा भागांच्या क्लिप्स आजही फिरतात आणि त्यातल्या कितीतरी इंग्लंडमधल्या असतात.

इंग्लंडच का? हा गोंधळ घालण्यामागे गणित काय असतं? आणि मराठी माणसं इंग्लंडच्या सहलीला निघतात, तेव्हा हाच विनोद वेगळा का होतो? चला, जाणून घेऊया.

सुरुवात झाली लूसीपासून

अमेरिकेतली 'आय लव्ह लूसी' ही टीव्हीच्या सुरुवातीच्या काळातली तुफान लोकप्रिय विनोदी मालिका. १९५५-५६ च्या हंगामात लूसी, तिचा नवरा रिकी आणि शेजारचं जोडपं युरोपच्या दौऱ्यावर निघालं. जानेवारी १९५६ मध्ये दाखवलेल्या भागात लूसी लंडनला पोहोचते आणि काहीही करून राणीला भेटायचं, असा हट्ट धरते. गंमत म्हणजे हे लंडन हॉलिवूडच्या स्टुडिओतच उभं केलं होतं.

मग रांगच लागली. १९८५ च्या 'नॅशनल लॅम्पून्स युरोपियन व्हेकेशन' या सिनेमातलं ग्रिसवोल्ड कुटुंब टीव्हीवरच्या एका स्पर्धेत सहल जिंकतं. लंडनच्या गोल चौकात त्यांची गाडी अशी अडकते की बाहेर पडायचा रस्ताच सापडत नाही. पुढे गाडी मागे घेताना कुटुंबप्रमुख क्लार्क स्टोनहेंजचे हजारो वर्षांचे दगड पत्त्यांच्या बंगल्यासारखे पाडतो.

२००३ मध्ये 'द सिम्पसन्स'मधला होमर तशाच चौकात गोल गोल फिरत राहिला आणि शेवटी थेट राणीच्या बग्गीला जाऊन धडकला. त्या भागात त्या वेळचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी स्वतःच्या पात्राला स्वतःच आवाज दिला होता.

बंडी कुटुंब आणि अंधारातलं गाव

या सगळ्यांत कहर केला तो 'मॅरिड... विथ चिल्ड्रन' या मालिकेतल्या बंडी कुटुंबाने. ही मालिका १९८७ ते १९९७ अशी अकरा हंगाम चालली. घरचा कर्ता अल बंडी शिकागोजवळ राहणारा, चपला-बुटांच्या दुकानातला वैतागलेला विक्रेता. बायको पेगी स्वयंपाकघराकडे फिरकत नाही आणि मुलगी केली व मुलगा बड बापाला जुमानत नाहीत. टीव्हीवरच्या गोड गोड आदर्श कुटुंबांना दिलेलं हे चोख उत्तर होतं.

मे १९९२ मध्ये या मालिकेचे इंग्लंडवर तीन भाग आले. कथा अशी : सन १६५३ मध्ये अलच्या एका पूर्वजाने चेटकिणीचा अपमान केला आणि तिने लोअर अंक्टन या गावाला शाप दिला. बंडी घराण्यातला शेवटचा पुरुष संपेपर्यंत गावात उजेड पडणार नाही! त्यामुळे गावकऱ्यांना अल आणि बड गावात आणून मारायचे आहेत. शेजारच्या अप्पर अंक्टनला मात्र तो अंधार हवाच आहे, कारण अंधारातलं गाव बघायला पर्यटक येतात आणि त्यांचा धंदा चालतो. म्हणजे एका गावाला बंडी मेलेले हवेत, दुसऱ्याला शाप टिकलेला हवा. मधल्यामध्ये बंडी कुटुंबाला वाटतंय, आपण फुकटात लंडन बघायला आलोय.

कथा अचाट आहे, पण तिच्यात एक खरी गोष्ट दडली आहे. एरवी घरी एकमेकांचं तोंड न बघणारे बंडी परक्या देशात संकट आलं की एकत्र येतात. सहल कुटुंबाला घराबाहेर काढते, आणि घरात झाकून राहिलेलं नातं तिथे उघडं पडतं.

परदेशवारीमागचं गणित

आता तारखा पुन्हा बघा. बंडी कुटुंब इंग्लंडला गेलं मे महिन्यात. 'फ्रेंड्स'मधली मंडळी रॉसच्या लग्नासाठी लंडनला पोहोचली तो भागही मे १९९८ चा. होमर सिम्पसनची लंडनवारी नोव्हेंबरातली. हा योगायोग नाही.

अमेरिकेत नील्सन ही संस्था कोण काय बघतं याची मोजणी करते. पूर्वी स्थानिक वाहिन्यांसाठी मोठी मोजणी वर्षातून चारदा व्हायची : फेब्रुवारी, मे, जुलै आणि नोव्हेंबर. या महिन्यांना तिकडे 'स्वीप्स' म्हणत. त्या आकड्यांवर वाहिन्यांच्या जाहिरातींचे दर ठरायचे. त्यामुळे याच महिन्यांत लग्नं, मृत्यू, बाळंतपणं, पाहुणे कलाकार आणि परदेशवाऱ्या ठेवल्या जायच्या. आपल्याकडे 'बार्क'चे टीआरपी आकडे दर आठवड्याला येतात. म्हणून आपल्या मालिकांना असा ठरावीक हंगाम नसतो, पण 'महाएपिसोड'मागचं डोकं तेच असतं.

दुसरं कारण जागेचं. अशा मालिका बहुतेक करून तीन भिंतींच्या सेटवर होतात. तोच सोफा, तेच स्वयंपाकघर, तोच जिना. काही वर्षांनी लेखकालाही त्या सोफ्याचा कंटाळा येतो. पात्रांचे स्वभाव प्रेक्षकांना पाठ झालेले असतात. मग पात्रं तीच ठेवून आजूबाजूचं जग बदलायचं. चिडका माणूस घरात चिडला तर नेहमीचंच वाटतं, तो लंडनच्या पोलिसावर चिडला तर नवा विनोद मिळतो.

तिसरं कारण खर्चाचं. अमेरिकन प्रेक्षकांसाठी इंग्लंड म्हणजे परदेश, पण भाषा कळणारा. दुभाषा नको, खालच्या पट्टीत अनुवाद नको. बिग बेन, लाल बस, राणी एवढं दाखवलं की कुठे आहोत ते लगेच कळतं. 'फ्रेंड्स'वाल्यांनी तर लंडनमधल्या स्टुडिओत तिथल्याच प्रेक्षकांसमोर चित्रीकरण केलं. फिबी मात्र घरीच राहिली, कारण ती भूमिका करणारी लिसा कुड्रो तेव्हा खरोखरच गरोदर होती.

मराठी माणसाचा गोंधळ कुठे होतो?

ग्रिसवोल्ड आणि होमर दोघेही गोल चौकात अडकले, हे लक्षात आहे ना? अमेरिकेत गाड्या उजवीकडून चालतात आणि इंग्लंडमध्ये डावीकडून. म्हणून अमेरिकन माणूस लंडनमध्ये गाडी चालवायला बसला की विनोद आपोआप तयार होतो.

आपल्याला हा विनोद लागूच पडत नाही. आपणही डावीकडूनच गाडी चालवतो आणि आपलंही स्टिअरिंग उजवीकडे असतं. आपल्या रेल्वेवर, कोर्टावर, क्रिकेटवर आणि शाळेतल्या इंग्रजीवर इंग्लंडची छाप आहे. मराठी माणसाला इंग्लंड बरंच ओळखीचं वाटतं. त्याची फजिती होते ती दुसऱ्याच ठिकाणी : पौंडाचे मनातल्या मनात रुपये करताना, मसाला नसलेल्या जेवणासमोर बसल्यावर, आणि पुस्तकातलं इंग्रजी दुकानात तोंडातून बाहेर काढताना.

हा विनोद मराठीत रुजवला पु. ल. देशपांडे यांनी. १९५८ मध्ये ते बीबीसीत टेलिव्हिजनचं प्रशिक्षण घ्यायला इंग्लंडला गेले, सोबत सुनीताबाई होत्या. त्या प्रवासातून 'अपूर्वाई' हे पुस्तक झालं आणि ते १९६० मध्ये प्रसिद्ध झालं. देश स्वतंत्र होऊन तेव्हा जेमतेम अकरा वर्षं झाली होती. कालपर्यंत राज्य करणाऱ्यांच्या घरी पाहुणा म्हणून जायचं, त्यांना न घाबरता बघायचं आणि हसायची सुरुवात स्वतःपासून करायची, ही 'अपूर्वाई'ची रीत. बंडी मंडळी इंग्लंडमध्ये जाऊन धुडगूस घालतात. पुलंचा प्रवासी स्वतःच्या बावरलेपणाची गंमत करतो.

'झिम्मा' : कुटुंब घरी, बायका इंग्लंडला

या परंपरेतलं अलीकडचं मोठं मराठी उदाहरण मालिका नाही, सिनेमा आहे. हेमंत ढोमे दिग्दर्शित आणि इरावती कर्णिक लिखित 'झिम्मा' १९ नोव्हेंबर २०२१ रोजी प्रदर्शित झाला. कोरोनानंतर महाराष्ट्रातली चित्रपटगृहं २२ ऑक्टोबरला, तीही निम्म्या क्षमतेने, नुकतीच उघडली होती. लोक थिएटरात परत येतील की नाही, याची सगळ्यांना धास्ती होती. अशा वेळी बायकांचे घोळकेच्या घोळके हा सिनेमा बघायला गेले.

गोष्ट साधी आहे. वेगवेगळ्या वयाच्या आणि वेगवेगळ्या घरांतल्या सात बायका एका टूरबरोबर इंग्लंडला निघतात. सुहास जोशी, निर्मिती सावंत, सुचित्रा बांदेकर, क्षिती जोग, सोनाली कुलकर्णी, मृण्मयी गोडबोले आणि सायली संजीव या त्या सात जणी. त्यांना सांभाळायला टूरवाला कबीर, म्हणजे सिद्धार्थ चांदेकर. रुसवेफुगवे, भांडणं, फजिती असं नेहमीचं सगळं सामान इथेही आहे.

पण एक मोठा फरक आहे. लूसी, ग्रिसवोल्ड, बंडी, सिम्पसन या सगळ्यांनी घरची माणसं सोबत नेली. 'झिम्मा'तल्या बायका घर मागे ठेवून निघाल्या. अमेरिकन मालिकेत प्रश्न असतो, हे कुटुंब परदेशात टिकेल का? 'झिम्मा'त प्रश्न आहे, ही बाई घराबाहेर पडल्यावर कोण असते? आई, सासू, सून, बायको ही नावं विमानतळावर ठेवली, तर उरतं काय?

विनोदाच्या आड हा प्रश्न आहे म्हणूनच तो लोकांना भिडला. आपल्याकडे सहलीला जायचं म्हणजे आधी पैसे कोण देणार, मग परवानगी कोण देणार आणि शेवटी मागे स्वयंपाक कोण करणार, या तीन पायऱ्या ओलांडाव्या लागतात. पुरुषाला सहसा पहिलीच पायरी लागते. महाराष्ट्रातल्या मोठ्या टूर कंपन्यांनी फक्त महिलांसाठी सहली काढल्या आणि त्या चालल्या, त्यामागेही हेच आहे. सोबत आणि सुरक्षितता कंपनी देते, त्यामुळे घरच्यांचे निम्मे आक्षेप तिथेच गळून पडतात.

नावातही हेच आहे. झिम्मा हा मंगळागौरीचा खेळ. गोल धरायचा, टाळ्या द्यायच्या-घ्यायच्या आणि घरकामातून सुटून रात्र जागवायची. वाशीम जिल्ह्यातल्या धनज-कारंजा पट्ट्यात आणि एकूणच वऱ्हाडात हीच जागा भुलाबाईची. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघरी जमतात आणि सासर-माहेरच्या कुरबुरी हसतखेळत गाण्यांत मांडतात. घराबाहेर चार घटका, सोबत आपल्यासारख्याच बायका आणि सासरची यथेच्छ थट्टा. 'झिम्मा'ने त्या चार घटकांना फक्त विमानाचं तिकीट काढून दिलं.

मग कुटुंबही आलंच

२४ नोव्हेंबर २०२३ रोजी 'झिम्मा २' आला. इंदूच्या, म्हणजे सुहास जोशींच्या पात्राच्या पंचाहत्तरीच्या निमित्ताने टोळी पुन्हा इंग्लंडला जमते. या वेळी निर्मिती सावंत यांच्या निर्मलासोबत तिची सून असते. ती भूमिका केली रिंकू राजगुरूने. पहिल्या सहलीत मागे ठेवलेलं सासू-सुनेचं नातं दुसऱ्या सहलीत थेट शेजारच्या सीटवर येऊन बसलं!

अशीच आणखी एक आठवण म्हणजे गौरी शिंदे दिग्दर्शित 'इंग्लिश विंग्लिश' (२०१२). पुण्यातली शशी गोडबोले एकटी न्यूयॉर्कला जाते आणि कॉफीच्या दुकानात इंग्रजीमुळे तिची फजिती होते. शहर दुसरं, पण घरात कुणाला न दिसलेली बाई परदेशात दिसते, ही गोष्ट तीच.

पुढची क्लिप बघताना

सहलीचा एखादा विनोदी भाग समोर आला, तर तीन गोष्टी बघा.

एक, तिकीट कुणी काढलं? फुकटचं असेल तर पुढे संकट ठरलेलंच. स्वतःच्या पैशाचं असेल तर बहुधा त्यामागे एखादी जुनी इच्छा असते.

दोन, हसू कुणावर आहे? तिथल्या लोकांवर, प्रवाशावर, की दोघांवर? ब्रिटिशांनीही हा खेळ केला आहे. 'आर यू बीइंग सर्व्ह्ड?' या त्यांच्या मालिकेवरच्या १९७७ च्या सिनेमात दुकानातली अख्खी मंडळी स्पेनला जाऊन अशीच फजीत पावतात. म्हणजे प्रत्येक देशाला हसायला दुसरा देश लागतो.

तीन, घरी कोण राहिलं? या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा पडद्यावर दिसत नाही. पण सहलीची खरी गोष्ट कितीदा तरी तिथूनच सुरू झालेली असते.