रंगाचा लिलाव

1 जानेवारी 1968 रोजी डिक मॉर्ली या अमेरिकन इंजिनियरने पीएलसीची कल्पना कागदावर मांडली. पीएलसी म्हणजे मशिनला क्रमाने हुकूम देणारा कंट्रोलर. आजही कारखाने त्यावर चालतात.

1990च्या दशकात याच मॉर्लीने जनरल मोटर्सच्या फोर्ट वेन कारखान्यातला ट्रक रंगवायचा विभाग हाती घेतला. तिथे बूथमधला रंग बदलायचा, तर आधीचा धुऊन काढावा लागे. रंगही वाया, वेळही. एखादं बूथ बंद पडलं, की ठरलेलं वेळापत्रक कोलमडणार.

मॉर्लीने चक्क लिलाव मांडला. ट्रक आला, की प्रत्येक बूथचा सॉफ्टवेअर एजंट बोली लावणार. तोच रंग आधीच भरलेला असेल, तर बोली चढी; हातात काम जास्त असेल, तर उतरती. बंद बूथ बोलीच लावत नाही, त्याचं काम बाकीचे उचलतात. एजंटांनी असं बोलीने काम वाटून घेण्याची पद्धत रीड स्मिथने 1980 मध्येच मांडली होती. फोर्ट वेनला नुसत्या रंगात वर्षाला दहा लाख डॉलरहून जास्त वाचले, असं सांगतात.

किंमत एकच: कुठला ट्रक कोणत्या बूथमध्ये जाईल, हे आता आधी सांगता येत नव्हतं. एआय एजंटवर काम सोपवताना आपणही हाच सौदा करतो. फोर्ट वेनमध्ये चुकलीच बोली, तर फार तर थोडा रंग वाया जाणार होता. आपल्या सौद्यात काय पणाला लागलंय, ते आधी बघायला हवं.