कोलंबियात संगणकशास्त्राचा एमएस: प्रवेशानंतर पदवीसाठी काय पूर्ण करावे लागते?

न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ आपल्या घराघरांत ठाऊक आहे ते बाबासाहेबांमुळे. जुलै १९१३ मध्ये ते तिथे पोचले आणि १९१५ मध्ये अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेऊन एमए झाले. तिथला संगणकशास्त्र विभाग बराच नंतरचा, १९७९ सालचा. परदेशात एमएस करू पाहणारी आपल्या वस्त्यांतली मुले-मुली आमच्याशी बोलतात तेव्हा या विद्यापीठाचे नाव हमखास निघते. प्रश्न मात्र सगळे प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे असतात. प्रवेश मिळाल्यावर पदवी हातात पडेपर्यंत काय करावे लागते, हे फारसे कुणी विचारत नाही. पैसा आणि मुदत या दोन्ही गोष्टी तिथेच अडकलेल्या असतात, म्हणून हा लेख.

आपल्याकडे ज्याला क्रेडिट म्हणतात त्याला तिथे पॉइंट म्हणतात. एमएससाठी ३० पॉइंट लागतात. बहुतेक विषय ३ पॉइंटांचे, म्हणजे साधारण दहा विषय. हे विषय ४००० किंवा त्यावरच्या क्रमांकाचे असावे लागतात. खालच्या क्रमांकाचे विषय बीएच्या-बीएस्सीच्या पातळीचे धरले जातात, ते या तीसमध्ये मोजत नाहीत. शिवाय किमान ६ पॉइंट ६००० क्रमांकाच्या, म्हणजे वरच्या पातळीच्या तांत्रिक विषयांचे हवेत. हा शेवटचा नियम शेवटच्या सत्रापर्यंत विसरला जाऊ शकतो, आणि तेव्हा हवा तो विषय उपलब्ध असेलच असे नाही.

विषयांची निवडही मोकळी नाही. सुरुवातीला विस्ताराची अट असते: सिस्टिम्स, सैद्धांतिक संगणकशास्त्र आणि कृत्रिम बुद्धिमत्ता व उपयोजन या तिन्ही गटांतून विषय करावे लागतात. ज्याला फक्त मशीन लर्निंगच शिकायचे आहे त्यालाही सिद्धांताचा विषय चुकत नाही. पुढे एक ट्रॅक निवडायचा. मशीन लर्निंग, नैसर्गिक भाषा प्रक्रिया, संगणक सुरक्षा, सॉफ्टवेअर सिस्टिम्स, नेटवर्क असे ट्रॅक आहेत आणि प्रत्येकाची सक्तीच्या व ऐच्छिक विषयांची यादी वेगळी आहे. प्रबंधाचाही ट्रॅक आहे. त्यात मार्गदर्शक प्राध्यापक स्वतः मिळवावा लागतो आणि ३० पैकी ९ पॉइंट प्रबंधाला जातात. पुढे पीएचडी करायची असेल तरच हा मार्ग धरावा असे आमचे मत आहे. नोकरी हे ध्येय असेल तर विषयांवर आधारित ट्रॅक पुरे.

आता गुणांकडे येऊ. एकूण सरासरी किमान २.७ हवी. ए म्हणजे ४, बी म्हणजे ३, सी म्हणजे २ असा हिशेब. बी-वजा या श्रेणीचे २.६७ धरतात. त्यामुळे दहाही विषय बी-वजाने पास झालेला विद्यार्थी प्रत्येक विषयात पास असूनही पदवीला अपात्र ठरतो. दुसरे उदाहरण: दहा विषयांत सात बी आणि तीन सी आले तर सरासरी बरोबर २.७, म्हणजे काठावर. चौथा सी आला की दुसरीकडे एखादा ए हवाच. ‘पास झालो म्हणजे झाले’ ही आपल्या महाविद्यालयांतली सवय तिथे महागात पडते.

सर्व अटी पाच वर्षांत पूर्ण कराव्या लागतात. पण परदेशी विद्यार्थ्याला ही पाच वर्षे कागदावरच. पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून दर सत्राला १२ पॉइंट घ्यावे लागतात; १२, १२ आणि शेवटच्या सत्रात ६ असे तीन सत्रांत तीस पॉइंट भरतात. विद्यार्थी व्हिसावर एका सत्रात एकच ऑनलाइन विषय पूर्णवेळ शिक्षणात मोजला जातो. विषय जड गेला म्हणून तो परस्पर सोडला आणि पॉइंट १२ च्या खाली आले, तर प्रश्न व्हिसाचा होतो. सोडण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते.

केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीसाठी पदवीला ६० टक्के गुण, वय ३५ च्या आत आणि कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला आठ लाखांपर्यंत अशा अटी आहेत. शुल्क मिळते, आणि अमेरिकेसाठी वर्षाला १५,४०० डॉलर निर्वाहभत्ता. न्यूयॉर्कच्या घरभाड्यापुढे ही रक्कम अपुरी आहे, हे जाण्याआधीच घरच्यांशी बोलून घ्यावे. (२०२२ मध्ये या योजनेतून भारताविषयीची संस्कृती, इतिहास आणि समाजविषयक अध्ययने वगळली गेली. संगणकशास्त्राला त्याची झळ नाही, पण समाजशास्त्र शिकलेल्या आम्हाला ती बोचते.) राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. बौद्धांना १९९० च्या दुरुस्तीने केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या. तरी कागदावर ‘बौद्ध’ दिसले की खिडकीवर विचारणा होते, म्हणून जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात आधीच काढून ठेवावा.

शिष्यवृत्तीची मुदत आणि अभ्यासाची मुदत यांची गाठ पडली नाही की काय होते, ते बाबासाहेबांच्या चरित्रातच आहे. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पैसे जमवून ते १९२० मध्ये पुन्हा गेले आणि एमएस्सी १९२१ मध्ये, डीएस्सी १९२३ मध्ये मिळवली. आजच्या विद्यार्थ्याला एखाद्या विषयासाठी चौथे सत्र घ्यावे लागले, तर त्या सत्राचे शुल्क आणि राहण्याचा खर्च शिष्यवृत्तीत बसतो का, हे मंजुरीपत्र वाचून निघण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे.

पदवी संगणकशास्त्राची नसलेल्यांसाठी कोलंबियात ब्रिज कार्यक्रम आहे. त्यात आधी पायाभूत विषय करून मग एमएस सुरू होतो, म्हणजे काळ आणि खर्च दोन्ही वाढतात. अर्ज भरताना मुदतीच्या रकान्यात हा जादा काळ धरूनच आकडा लिहावा. ट्रॅकच्या याद्या बदलत असतात. आपल्या प्रवेशाच्या वर्षाची यादी विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी, पहिल्याच आठवड्यात सल्लागाराला भेटून दहाही विषयांचा तक्ता करावा आणि त्यात ६००० क्रमांकाचे दोन विषय आधी लिहून टाकावेत.