चांगला भ्रूण म्हणजे मुलगाच का?

आता तालुक्याच्या गावांतही टेस्ट ट्यूब बेबी सेंटरचे बोर्ड दिसतात. सोबत एक कुजबुजही फिरते, "तिथं मुलगाच होतो म्हणे!" मंडळी, या वाक्यामागचा इतिहास एकदा नीट बघू.

१९७८ साली इंग्लंडमध्ये जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, ती मुलगी. त्याच वर्षी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींच्या प्रयोगातून जन्मली, तीही मुलगी. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या टीमला यश आलं, तेव्हाही मुलगीच!

पण त्याच मुंबईत तेव्हा गर्भजल तपासून मुली पाडण्याचा धंदा जोरात होता. महिला संघटनांनी रान उठवलं आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात सगळ्यात आधी त्याविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा आला १९९४ ला.

दरम्यान १९९० मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी गर्भाशयात सोडण्याआधीच भ्रूणाचं लिंग ओळखलं. मुलग्यांनाच होणारे आनुवंशिक आजार टाळायला त्यांनी मुली निवडल्या. आपल्याकडे हेच तंत्र उलटं वापरलं जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. म्हणून 'सेहत', 'मासूम' या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज २००० साली सुप्रीम कोर्टात गेले. २००३ मध्ये कायदा बदलला आणि गर्भधारणेआधीची लिंगनिवडही गुन्हा ठरली.

मग कुजबुजीत तथ्य किती? लॅबमध्ये पाचव्या दिवशी भ्रूणाला ग्रेड देतात. तो किती वाढला, पेशी कशा दिसतात, एवढंच बघतात. लिंग कोणी बघत नाही. पण मुलग्यांचे भ्रूण लॅबमध्ये सरासरी थोडे लवकर वाढतात, त्यामुळे 'सगळ्यात चांगला' निवडताना पारडं किंचित तिकडे झुकतं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या २००२ ते २००६ च्या नोंदींत, पाचव्या दिवसाचा एकच भ्रूण सोडलेल्या साध्या आयव्हीएफमध्ये १०० बाळांत ५६ मुलगे होते. शुक्राणू सुईने बीजात सोडून, दोन-तीन दिवसांचाच भ्रूण ठेवला तिथे ४९. एरवी निसर्गात साधारण ५१ असतात.

म्हणजे ५६ च्या जोडीला ४४ मुली आहेतच. याला 'मुलगाच होतो' म्हणत नाहीत. ग्रेड म्हणजे लिंगाचा दाखला नव्हे, आणि कमी ग्रेडच्या भ्रूणातूनही धडधाकट बाळं जन्मतात.

तेव्हा कोणी 'चांगला भ्रूण' म्हणत डोळा मारून मुलग्याची हमी देत असेल, तर तो एकतर फसवतोय किंवा गुन्हा करतोय. लिंगनिवड करून मागणाऱ्या नवऱ्याला आणि सासरच्यांनाही पहिल्याच गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद आहे.

महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात हजार मुलग्यांमागे १९९१ ला ९४६ मुली होत्या. २००१ ला ९१३, २०११ ला ८९४. कायदा पहिला आपला, आणि घसरणही आपलीच. लॅबमधलं पारडं किंचित झुकतं. घरातलं किती झुकलंय, ते बघा.