डॉड, क्लेमंट सेमूर

(२६ जानेवारी १९३२–मे २००४). जमैकन साउंड सिस्टीमचालक, ध्वनिमुद्रिका निर्माते आणि ‘स्टुडिओ वन’चे संस्थापक. जन्म किंग्स्टन येथे. शाळेत ते क्रिकेट चांगले खेळत. त्यामुळे यॉर्कशरचे गोलंदाज अलेक कॉक्सन यांच्यावरून मित्रांनी त्यांना ‘कॉक्सन’ म्हणायला सुरुवात केली आणि पुढे संगीताच्या बाजारात हेच नाव चालले. स्का, रॉकस्टेडी आणि रेगे या तिन्ही शैलींच्या जडणघडणीत त्यांचा वाटा मोठा आहे. ते स्वतः गायक किंवा वादक म्हणून पुढे आले नाहीत. त्यांची ताकद कानात होती आणि व्यवहारातही.

तरुणपणी ऊसतोडीच्या हंगामी कामासाठी ते अमेरिकेच्या दक्षिण भागात गेले. तेथून ऱ्हिदम अँड ब्लूजच्या रेकॉर्डी व वाजवण्याची यंत्रसामग्री घेऊन परतले आणि आईवडिलांच्या दुकानात गिऱ्हाइकांसाठी त्या वाजवू लागले. त्या काळी किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत ग्रामोफोन मोजक्याच घरी असे आणि हॉटेलांतल्या वाद्यवृंदांचे दर सामान्यांच्या आवाक्याबाहेर होते. ही उणीव साउंड सिस्टीमने भरून काढली. कपाटाएवढे स्पीकर आणि ॲम्प्लिफायर वाहून आणायचे, मोकळ्या अंगणात मांडायचे, दारावर तिकीट लावायचे आणि आत दारू विकायची, असा हा धंदा होता. डॉड यांनी १९५४ मध्ये ‘सर कॉक्सन्स डाउनबीट’ ही आपली सिस्टीम सुरू केली. माजी पोलीस ड्यूक रीड यांची ‘ट्रोजन’ ही त्यांची मुख्य प्रतिस्पर्धी. रेकॉर्डींवर निवेदनाची फोडणी देणारे काउंट माचुकी डाउनबीटकडे होते. पुढे स्वतःची सिस्टीम काढणारे प्रिन्स बस्टर आणि नंतर निर्माते म्हणून गाजलेले ली पेरी हेही डॉड यांच्याच हाताखाली तयार झाले.

या चढाओढीत दुसऱ्या कोणाकडे नसलेली रेकॉर्ड हेच खरे भांडवल. डॉड अमेरिकेत फेऱ्या मारून ती मिळवत आणि तिच्यावरचे लेबल खरवडून टाकत, म्हणजे गाण्याचे मूळ नाव कोणाला कळू नये. सॅक्सोफोनवादक विलिस जॅक्सन यांचे ‘लेटर फॉर गेटर’ डाउनबीटवर ‘कॉक्सन हॉप’ म्हणून गाजत राहिले. अखेर रीड यांनी ती रेकॉर्ड हुडकून स्वतःच्या सिस्टीमवर वाजवली आणि डॉड यांची मक्तेदारी मोडली.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकन संगीत रॉक अँड रोलकडे झुकले. किंग्स्टनच्या नाचणाऱ्यांना ते फारसे रुचले नाही आणि मनाजोगा नवा माल मिळेनासा झाला. तेव्हा डॉड यांनी स्थानिक कलावंतांची ध्वनिमुद्रणे करून घेण्यास सुरुवात केली. सुरुवातीची मुद्रणे विकण्यासाठी नव्हती. ती केवळ आपल्या सिस्टीमवर वाजवायची असत. लोक काय वाजवले की अंगणात उतरतात हे डोळ्यांदेखत दिसत असल्याने बाजाराची वेगळी चाचणी करावीच लागत नसे. थिओफिलस बेकफर्ड यांचे ‘ईझी स्नॅपिन’’ हे या टप्प्यातले महत्त्वाचे गाणे.

१९६३ मध्ये १३, ब्रेंटफर्ड रोड येथे त्यांनी ‘स्टुडिओ वन’ उभारला. कृष्णवर्णीय मालकाचा जमैकातला हा पहिला स्टुडिओ मानला जातो. तिथल्या वादकांतून ‘स्कॅटलाइट्स’ हा वृंद घडला. नव्या गायकांची चाचणी रविवारी होई. ‘द वेलर्स’ या तरुणांच्या गटाचे ‘सिमर डाउन’ १९६४ मध्ये जमैकात तुफान गाजले. त्यांतले बॉब मार्ली काही काळ स्टुडिओतच राहत. ‘स्कॅटलाइट्स’चा कणा असलेले कीबोर्डवादक जॅकी मिटू तेव्हा किशोरवयात होते. पुढच्या वर्षांत ऑल्टन एलिस, केन बूथ, मार्सिया ग्रिफिथ्स, हेप्टोन्स, बर्निंग स्पिअर, हॉरेस अँडी अशी नावे येथून पुढे आली.

स्टुडिओची सर्वांत टिकाऊ कमाई मात्र गायकांपेक्षा ‘रिडिम’ म्हणजे बेस व ड्रमच्या वाद्यपट्ट्या ही ठरली. स्टुडिओच्या ‘साउंड डायमेन्शन’ या वृंदाने १९६७ मध्ये वाजवलेल्या ‘रिअल रॉक’वर असंख्य गाणी बेतली गेली. विली विल्यम्स यांनी त्यावर ‘आर्मागिडियन टाइम’ गायले आणि १९७९ मध्ये लंडनच्या ‘द क्लॅश’ या पंक बँडने ते आपलेसे केले. १९७० च्या दशकाअखेर शुगर मिनट यांनी स्टुडिओतल्याच जुन्या पट्ट्यांवर नवी गाणी रचली, आणि डान्सहॉल शैलीला वाट मिळाली.

मोबदल्याबाबत डॉड यांच्यावर कायम टीका झाली. वादकांना कामापुरते पैसे मिळत. हक्क व रॉयल्टी निर्मात्याकडे राहत. वेलर्ससह अनेकजण याच कारणाने बाहेर पडले. त्या काळातील जमैकातल्या बहुतेक निर्मात्यांची रीत हीच होती. पण ज्या पट्ट्या दशकानुदशके पुन्हा पुन्हा विकल्या गेल्या, त्यांच्या वादकांची तक्रार एवढ्याने खोडून निघत नाही.

१९८० च्या दशकात डॉड यांनी व्यवसाय न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात हलवला. पुढे किंग्स्टनचा स्टुडिओ पुन्हा चालू केला. एप्रिल २००४ च्या अखेरीस ब्रेंटफर्ड रोडचे ‘स्टुडिओ वन बुलेव्हार्ड’ असे नामकरण झाले. त्यानंतर काही दिवसांतच स्टुडिओत काम करत असताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले.